कर्नलमधली व्हर्च्युअल-फिजिकल ॲड्रेसची गल्लत: कुठून तपासायला लागायचं आणि कुठे थांबायचं

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एका प्रकारचा मेमरी ॲड्रेस दुसऱ्या प्रकारच्या जागी वापरण्याचा हा दोष मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, आणि दर वेळी तो नव्या वेषात येतो. म्हणून आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढच्या तपासण्या करून पाहा.

लक्षणं

- ड्रायव्हर २ जीबीच्या मशीनवर व्यवस्थित चालतो. तोच १६ जीबीच्या मशीनवर लोड केला की डेटा खराब येतो किंवा मशीन गोठतं.
- लहान बफर चालतो, मोठा मागितला की कर्नल ऊप्स (स्वतःच्या चुकीचा अहवाल) देतो.
- डीएमए (डिव्हाइसने सीपीयूला वगळून थेट मेमरीत केलेलं वाचन-लेखन) पूर्ण झाल्याचा इंटरप्ट येतो, पण बफरमध्ये सगळी शून्यं असतात किंवा मागच्या वेळचा डेटा तसाच असतो.
- बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा तसंच दुसरं आयओएमएमयू (डिव्हाइसचे ॲड्रेस बदलून देणारं आणि तपासणारं हार्डवेअर) चालू केल्यावर आतापर्यंत चालणारं कार्ड बंद पडतं. लॉगमध्ये इंटेलवर डीएमएआर फॉल्ट, एएमडीवर आयओ पेज फॉल्ट, आर्मवर एसएमएमयूचा कॉन्टेक्स्ट फॉल्ट दिसतो.
- युजर प्रोग्रॅमने एममॅप केलेल्या (ड्रायव्हरकडून स्वतःच्या ॲड्रेसमध्ये जोडून घेतलेल्या) मेमरीत भलताच मजकूर दिसतो.
- ड्रायव्हर नीट चालतो, पण काही वेळाने त्याचा काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी कोसळतं. कधी फाइल सिस्टिम, कधी नेटवर्क. हे लक्षण सगळ्यांत घातक आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: एका प्रकारचा ॲड्रेस दुसऱ्या प्रकारच्या जागी वापरला गेला आहे. कर्नलमध्ये लिहिताना किमान पाच प्रकार वेगळे धरावे लागतात. युजर प्रोग्रॅमचा व्हर्च्युअल ॲड्रेस, म्हणजे पेज टेबल नावाच्या तक्त्यातून ज्याचा फिजिकल ॲड्रेस काढावा लागतो तो. कर्नलच्या सरळ मॅपमधला व्हर्च्युअल ॲड्रेस, जिथे फिजिकलपासूनचं अंतर ठरलेलं असतं. कर्नलचेच बाकीचे व्हर्च्युअल ॲड्रेस, म्हणजे व्हीमॅलॉक (विखुरलेल्या तुकड्यांतून जोडलेली मेमरी), आयओरिमॅप (डिव्हाइसची रजिस्टर्स), मोड्यूल (नंतर लोड केलेला कोड) वगैरे. सीपीयूला दिसणारा फिजिकल ॲड्रेस. आणि डिव्हाइसला दिसणारा डीएमए ॲड्रेस. शेतात बांधलेल्या घराला तलाठ्याकडे गट नंबर असतो आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळकत क्रमांक. दोन्ही खरे, पण तलाठ्यापुढे मिळकत क्रमांक ठेवला तर तो भलत्याच्याच जमिनीवर बोट ठेवेल.

हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण पुष्कळदा दोन प्रकारांचे आकडे योगायोगाने जुळतात. आयओएमएमयू बंद असलेल्या साध्या पीसीवर फिजिकल ॲड्रेस आणि डीएमए ॲड्रेस एकच असतो. तिथे चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. म्हणून «माझ्याकडे चालतंय» याला या बाबतीत काहीच किंमत नाही. खालच्या बहुतेक तपासण्यांचा हेतू हा योगायोग मोडून काढणं हाच आहे.

एक अट आधीच घालतो. ज्या मशीनवर कामाचा डेटा आहे तिथे यातलं काहीही करू नका. चुकीच्या ॲड्रेसवर गेलेला डीएमए कुठेही लिहू शकतो, डिस्कवर जायच्या तयारीत असलेल्या पेजवरसुद्धा (पेज म्हणजे मेमरीचा ठरलेल्या आकाराचा तुकडा). जमेल तितकं क्यूईएमयूत (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये) करा, नाहीतर मोकळ्या मशीनवर.

पहिली तपासणी: ऊप्समधला आकडा वाचा

याला काही खर्च नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ज्या ॲड्रेसवर फॉल्ट झाला तो आकडा शोधा. ६४ बिटी एक्स८६ वर ढोबळ ओळख अशी:

आकडा ४०९६ पेक्षा लहान असेल तर तो नल पॉइंटर अधिक स्ट्रक्टमधलं अंतर आहे. ही आपली समस्या नव्हे. ००००७एफ अशी सुरुवात असेल तर युजर पॉइंटर थेट वापरला आहे. तिथे कॉपी_फ्रॉम_यूजर किंवा कॉपी_टू_यूजर हवं होतं. इंटेलच्या ब्रॉडवेलपासून एसएमएपी आणि आर्मव्ही८.१ पासून पॅन ही संरक्षणं असा वापर तिथल्या तिथे पकडतात. त्याआधीच्या प्रोसेसरवर तो चुपचाप चालून जात असे, म्हणून जुने ड्रायव्हर नव्या मशीनवर आणले की हा फॉल्ट हमखास दिसतो.

एफएफएफएफ८८८ ने सुरू होणारा ॲड्रेस सरळ मॅपमधला, एफएफएफएफसी९० ने सुरू होणारा व्हीमॅलॉक किंवा आयओरिमॅपचा, आणि सोळापैकी पहिले आठही एफ असतील तर कर्नलच्या इमेजमधला किंवा मोड्यूलमधला. केएएसएलआर (कर्नलच्या जागा मुद्दाम बदलणारं संरक्षण) चालू असेल तर पहिले दोन पट्टे दर बूटला सरकतात, तेव्हा आकडे वाचण्याआधी नोकेएएसएलआर हे बूट पॅरामीटर देऊन पुन्हा बूट करा.

आणि आकडा फक्त सात-आठ अंकी असेल, पुढे नुसती शून्यं, तर बहुधा कोणीतरी फिजिकल ॲड्रेसच पॉइंटर म्हणून वापरला आहे. ६बी६बी६बी६बी असा आकडा दिसला तर मात्र मोकळी केलेली मेमरी वापरली गेली आहे. तो वेगळा आजार आहे, त्यासाठी हा लेख सोडून द्या.

प्रिंटकेने (कर्नलच्या छपाईच्या फंक्शनने) छापलेला आकडा जुळत नसेल तर लक्षात घ्या: कर्नल ४.१५ पासून साधा %पी खरा ॲड्रेस छापत नाही, हॅश (त्यावरून बनवलेला वेगळाच आकडा) छापतो. फिजिकल ॲड्रेससाठी %पीए आणि डीएमए ॲड्रेससाठी %पीएडी आहे, आणि दोघांनाही व्हेरिएबलचा ॲड्रेस द्यावा लागतो, किंमत नव्हे. हॅशच्या आकड्यावर वजाबाकी करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात फुकट वेळ जातो.

दुसरी: बफर आला कुठून ते शोधा

फॉल्ट ज्या बफरशी संबंधित आहे त्याच्या जन्मापर्यंत मागे जा. एडिटरमधली शोधाशोध एवढंच काम.

व्हर्ट_टू_फिज हे फंक्शन सरळ मॅपपुरतंच खरं आहे. ते पेज टेबल वाचत नाही. ठरलेलं अंतर वजा करतं आणि मोकळं होतं. केमॅलॉक किंवा गेट_फ्री_पेजेसमधून आलेल्या सलग मेमरीला ते चालतं. व्हीमॅलॉकचा ॲड्रेस दिला तरी ते तक्रार करत नाही, एक आकडा परत देतं, आणि तो आकडा निव्वळ कचरा असतो. व्हीमॅलॉकच्या मेमरीत लागून असलेली दोन व्हर्च्युअल पेजेस फिजिकल मेमरीत कुठेही असू शकतात. तिथे प्रत्येक पेजासाठी व्हीमॅलॉक_टू_पेज वेगळं बोलवावं लागतं.

तीन जागा अशा आहेत जिथे हे नजरेतून निसटतं, आणि तिन्ही जागा मी प्रत्येक ड्रायव्हरमध्ये सवयीने बघतो.

केव्हीमॅलॉक. हे आधी केमॅलॉक करून बघतं, आणि मोठी सलग मेमरी सहज मिळाली नाही तर व्हीमॅलॉककडे वळतं. म्हणून «लहान बफर चालतो, मोठा नाही» किंवा «ताज्या बूटनंतर चालतो, दोन दिवसांनी नाही» अशी लक्षणं येतात. कोड एकच, पण मेमरीचा प्रकार त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरतो.

स्टॅकवरचा बफर. एक्स८६ वर कर्नल ४.९ पासून आणि ६४ बिटी आर्मवर ४.१४ पासून कर्नलचा स्टॅकच व्हीमॅलॉकच्या जागेत ठेवता येतो, आणि बहुतेक डिस्ट्रो तसाच ठेवतात. त्याआधी स्टॅकवरच्या लहानशा ॲरेवर डीएमए चालून जात असे. हा बदल आला तेव्हा कितीतरी यूएसबी ड्रायव्हर याच कारणाने मोडले होते. फंक्शनच्या आत चार बाइटचा ॲरे आणि त्यावर डीएमए दिसला की तिथेच थांबा, तो ॲरे केमॅलॉकमध्ये हलवा.

मोड्यूलमधला स्टॅटिक ॲरे. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असला तर कदाचित चालेल, मोड्यूल म्हणून लोड केला तर नाही, कारण मोड्यूलची जागा सरळ मॅपमध्ये नसते.

शिकण्यासाठी एक चांगलं उदाहरण देतो. एमआयटीच्या एक्सव्ही६ या लहान कर्नलची रिस्क-फाइव्ह आवृत्ती आपल्याकडेही अनेक विद्यार्थी वाचतात. तिच्यात कर्नलला रॅम जशीच्या तशी मॅप केलेली असते, म्हणजे व्हर्च्युअल आणि फिजिकल आकडा एकच. पण कर्नल स्टॅक मात्र वर, वेगळ्या जागी मॅप केलेले असतात. सुरुवातीच्या आवृत्तीत व्हर्टआयओ डिस्कच्या ड्रायव्हरमधला रिक्वेस्ट हेडर स्टॅकवर होता, आणि म्हणून तेवढ्या एका ठिकाणी ॲड्रेस बदलण्यासाठी केव्हीएमपीए हे वेगळं फंक्शन बोलवावं लागे. बाकी डेटा बफरला त्याची गरज नव्हती. एका फंक्शनच्या आत दोन प्रकारचे ॲड्रेस शेजारी शेजारी बसलेले होते. तो कोड नीट समजला तर ही दुसरी तपासणी कायमची समजते.

तिसरी: बूट पॅरामीटर बदलून योगायोग मोडा

कोडला हात न लावता, फक्त रीबूट करून होणारी ही तपासणी फार लोक करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी दुसरी तपासणी नाही.

मेम=२जी देऊन रॅम मर्यादित करा. दोष नाहीसा झाला तर ४ जीबीच्या वरचा ॲड्रेस कुठेतरी ३२ बिटांत कापला जातो आहे. इथे एक गोष्ट सांगायला हवी: ४ जीबी रॅम असलेल्या पीसीवरसुद्धा रॅमचा काही भाग ४ जीबीच्या रेषेच्या वर सरकवलेला असतो, कारण खालची जागा पीसीआय डिव्हाइसना लागते. म्हणून २ जीबीवरच तपासा.

मग उलटं करा. एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स दिलं की प्रत्येक डीएमए मॅपिंग बाउन्स बफरमधून (मधल्या तात्पुरत्या बफरमधून) जातं. ज्या ड्रायव्हरने डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू विसरलेलं असतं, तो इथे लगेच उघडा पडतो: डिव्हाइसने लिहिलेलं बाउन्स बफरमध्येच राहतं आणि तुमच्या बफरमध्ये जुनाच डेटा दिसतो. आर्म बोर्डवर कॅशमुळे होणारी हीच चूक पीसीवर पकडायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

शेवटी आयओएमएमयू चालू करून बघा. चालू केल्यावर फॉल्ट आला तर ड्रायव्हर डिव्हाइसला फिजिकल ॲड्रेस देतो आहे, डीएमए ॲड्रेस नव्हे. इथे एक मोह होतो: आयओएमएमयू बंद केल्यावर सगळं चालतं, मग तेच पॅरामीटर ग्रबमध्ये (बूट लोडरच्या सेटिंगमध्ये) कायमचं लिहून टाकावं. कृपा करून असं करू नका. दोष तसाच राहतो, फक्त त्याला अडवणारा पहारेकरी जातो.

चौथी: टाइप आणि शिफ्ट

फिजिकल ॲड्रेस साध्या अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवलाय का ते ग्रेपने शोधा. ३२ बिटी आर्मवर एलपीएई चालू असेल, किंवा जुन्या ३२ बिटी एक्स८६ वर पीएई असेल, तर फिजिकल ॲड्रेस ३२ बिटांपेक्षा मोठा असतो आणि अनसाइन्ड लाँगमध्ये मावत नाही. फिज_ॲडर_टी आणि डीएमए_ॲडर_टी हे टाइप याचसाठी आहेत. पीएफएन (फिजिकल पेजाचा अनुक्रमांक) डावीकडे शिफ्ट करतानाही आधी कास्ट, मग शिफ्ट. उलट केलं तर वरचे बिट शिफ्टमध्येच गळून पडतात. पीएफएन_फिज हा मॅक्रो ते बरोबर करतो, तोच वापरा.

शिफ्टची किंमत १२ अशी हाताने लिहिलेली दिसली तर बदला. ६४ बिटी आर्मवर पेज ४, १६ किंवा ६४ केबीचं असू शकतं, आणि रास्पबेरी पाय ५ च्या अधिकृत ओएसचा कर्नल १६ केबीची पेजेस वापरतो. रीमॅप_पीएफएन_रेंजला पीएफएन हवा असतो, ॲड्रेस नव्हे. एममॅपमध्ये भलता मजकूर दिसण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे डीएमए_अलॉक_कोहेरंटकडून आलेल्या पॉइंटरवर व्हर्ट_टू_फिज लावणं. त्यासाठी डीएमए_एममॅप_कोहेरंट तयार आहे.

मेक सी=१ देऊन स्पार्स हे कोड तपासणारं साधनही चालवा. यूजर आणि आयओमेम खुणांमुळे तो पॉइंटरचे प्रकार वेगळे ओळखतो आणि मिसळले की सांगतो. ती वॉर्निंग कास्ट टाकून बंद करणं म्हणजे दोषावर पांघरूण घालणं.

पाचवी: डिव्हाइसचे रजिस्टर

रजिस्टरचा फिजिकल ॲड्रेस फिज_टू_व्हर्टला देऊ नका. ते फक्त रॅमसाठी आहे. आयओरिमॅप करा आणि रीडएल, राइटएलनेच वाचा-लिहा.

रास्पबेरी पायवर शिकणाऱ्यांची इथे फार ओढाताण होते, म्हणून जरा थांबतो. बीसीएम२८३५ च्या माहितीपत्रकात पेरिफेरलचे ॲड्रेस ७ई०००००० पासून दिलेले आहेत. ते बसचे ॲड्रेस आहेत. सीपीयूला तीच रजिस्टर्स पहिल्या पायवर २०००००००, पाय २ आणि ३ वर ३एफ००००००, आणि पाय ४ वर नेहमीच्या रचनेत एफई०००००० पासून दिसतात. जुन्या ट्यूटोरियलमधून २००००००० उचलून पाय ४ वर आयओरिमॅप केलं तर तो ॲड्रेस रॅमचा निघतो, आणि कर्नल रॅमवर आयओरिमॅप नाकारतो. शिवाय डीएमए इंजिनला रॅम आणखी वेगळी दिसते: पाय २ आणि ३ वर सी००००००० पासून. म्हणजे एकाच बोर्डावर, एकाच बाइटला, व्हर्च्युअल धरून तीन आकडे. हे आकडे कोडमध्ये लिहायचेच नाहीत. डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधल्या) रेंजेस आणि डीएमए-रेंजेस या नोंदींतून कर्नल ते काढतो. तुम्ही प्लॅटफॉर्म रिसोर्स मागा आणि डीएमए एपीआय वापरा.

सहावी: तपासणीचे पर्याय चालू करून कर्नल बांधा

आता वेळ लागतो, कारण कर्नल पुन्हा कंपाइल करायचा आहे. डीबग_व्हर्च्युअल आणि डीएमए_एपीआय_डीबग हे दोन पर्याय हवेतच. पहिला चुकीच्या व्हर्ट_टू_फिजला जागेवर पकडतो: एक्स८६ वर कर्नल तिथेच थांबतो, ६४ बिटी आर्मवर वॉर्निंग येते. दुसरा डीएमए मॅपिंगचा हिशेब ठेवतो आणि स्टॅकवरची मेमरी मॅप केली, डीएमए_मॅपिंग_एरर तपासलं नाही, अनमॅप करताना वेगळी लांबी दिली, असं सगळं नावानिशी सांगतो.

कॅसान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा कर्नलचा पर्याय) चालू करायला हरकत नाही, पण त्याच्या मर्यादा ओळखा. कॅसान सीपीयूची लेखनं बघतो. डिव्हाइसने डीएमएने केलेलं लेखन त्याला दिसतच नाही. कॅसान स्वच्छ आला म्हणून डीएमए निर्दोष ठरत नाही.

सुरक्षित सरावासाठी क्यूईएमयूमधलं एडू नावाचं पीसीआय डिव्हाइस उत्तम आहे. त्याचा डीएमए मास्क मुळातच २८ बिटांचा आहे, म्हणजे २५६ एमबीच्या पलीकडे ते पोचत नाही. डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट विसरलेला ड्रायव्हर तिथे लगेच सापडतो.

सातवी: पेज टेबल हाताने चाला

इथवर दोष सापडला नाही, किंवा तुम्ही स्वतःचा कर्नल लिहीत असाल, तरच हे करा. क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये एक्स ही कमांड व्हर्च्युअल ॲड्रेस वाचते आणि एक्सपी फिजिकल. एकाच बाइटसाठी दोन्ही चालवून मजकूर जुळतो का बघा. इन्फो टीएलबी सध्याचं मॅपिंग दाखवतं. लिनक्सचा डंप (कोसळतानाची मेमरीची प्रत) असेल तर क्रॅश या साधनातली व्हीटॉप कमांड पेज टेबलच्या सगळ्या पातळ्या उलगडून दाखवते.

स्वतःच्या कर्नलमध्ये बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सीआर३ मध्ये (पेज टेबल कुठे आहे ते सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये) आणि प्रत्येक पेज टेबल एंट्रीत फिजिकल ॲड्रेस हवा. व्हर्च्युअल टाकला तर ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट होतं. एंट्रीतून ॲड्रेस काढताना खालचे १२ बिट आणि ६३ वा एनएक्स बिट (त्या पेजावर कोड चालवायला मनाई करणारा) मास्क केलाच पाहिजे. एनएक्स विसरला जातो, आणि मग फक्त डेटा पेजेसवरच फॉल्ट येतात. एंट्री बदलल्यावर इन्व्हएलपीजी ही सूचना देऊन टीएलबी (आधी काढलेल्या ॲड्रेसची कॅश) साफ करा, आणि एकाहून जास्त कोअर असतील तर बाकीच्या कोअरवरही तो साफ व्हायला हवा. एका कोअरवर चालतं आणि चारवर अधूनमधून मोडतं, असं असेल तर आधी इथेच बघा.

कधी थांबायचं

लॉगमध्ये मशीन चेकची हार्डवेअर एरर दिसली, किंवा ईडीएसीचे मेमरी दोष मोजले जात असले, तर कोड वाचणं थांबवा. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा आणि रॅम हार्डवेअरवाल्याकडे द्या. बिघडलेली रॅम आणि भरकटलेला डीएमए यांची लक्षणं हुबेहूब सारखी असतात.

फाइल सिस्टिमने दोष दाखवायला सुरुवात केली असेल तर मशीन त्याच क्षणी बंद करा. रीबूट करून एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. आधी दुसऱ्या मशीनवर डिस्कची प्रत काढा, आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा.

लॉगमधला डीएमएआर फॉल्ट तुमच्या ड्रायव्हरच्या डिव्हाइसचा नसून दुसऱ्याच कुठल्या डिव्हाइसचा असेल, किंवा कर्नल बायोसच्या डीएमएआर टेबलमध्येच खोट सांगत असेल, तर तो बोर्डाच्या निर्मात्याचा प्रश्न आहे. बायोस अपडेट बघा, नाहीतर त्यांना कळवा. एसओसीच्या एराटामध्ये (चिपच्या ज्ञात दोषांच्या यादीत) नोंद असलेल्या दोषाचंही तेच.

आणि वरचं सगळं करूनही डीएमए_एपीआय_डीबग गप्प असेल, आयओएमएमयू फॉल्ट येत नसेल, आणि तरीही डेटा बिघडत असेल, तर त्या सबसिस्टिमच्या मेंटेनरला लिहा. पत्ता कर्नल सोर्समधली गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट देते. सोबत डीकोड_स्टॅकट्रेसमधून काढलेला पूर्ण ऊप्स, कर्नलची आवृत्ती, कॉन्फिग फाइल, आणि मेम=२जी, एसडब्ल्यूआयओटीएलबी=फोर्स व आयओएमएमयू या तिन्हींचे निकाल जोडा. बाहेरचं बंदिस्त मोड्यूल लोड केलेलं असेल तर ते काढून दोष पुन्हा घडवून दाखवा. टेंटेड कर्नलच्या तक्रारी बहुधा तिथेच परत पाठवल्या जातात.